सर, वेळ संपली

चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिकेवर छापलेली वेळ शुभेच्छा समजून वाचायची असते. ‘नोंदणी व अल्पोपाहार ९ वाजता, उद्घाटन १० वाजता’ असं छापलेलं असतं आणि १० वाजता सभागृहात फक्त माइकवाला हजर असतो. ‘हॅलो, चेक, वन टू थ्री’ हे त्याचं भाषण पुढच्या दोन दिवसांतलं सर्वांत मुद्देसूद भाषण ठरणार आहे, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नसतं. साडेदहाला प्राचार्य पोर्चमध्ये येऊन उभे राहतात, कारण उद्घाटकांची गाडी टोलनाक्यापर्यंत आल्याचा फोन आलेला असतो. पावणेबारापर्यंत ती टोलनाक्यावरच असते.

मग व्यासपीठ भरू लागतं. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, उद्घाटक, बीजभाषक, अभ्यास मंडळाचे सदस्य, समन्वयक, सहसमन्वयक, आणि ‘सहज इकडून चाललो होतो’ म्हणून आलेले माजी आमदार. त्यांच्यासाठी शेवटच्या रांगेतली एक खुर्ची लोकांच्या डोक्यांवरून पुढे येते; ज्याची ती होती तो भिंतीला टेकतो. व्यासपीठावर प्रत्येकासमोर पाण्याची बाटली, नावाची पाटी, मागे कूलर. समईची दुसरी वात कोणी लावायची, तिसरी कोणी, शाल आधी की श्रीफळ आधी, याचे नियम इतके बारीक की एखाद्या राजघराण्याने शिकायला यावं. ‘सरांना परिचयाची गरज नाही’ या वाक्यानंतर सात मिनिटं परिचय चालतो. तो सरांनी स्वतःच लिहून पाठवलेला असल्यामुळे त्यातलं काही वगळण्याची कोणाची छाती होत नाही.

समोर बसलेल्यांसाठी मात्र नियम एकच: शेवटपर्यंत बसायचं. प्रमाणपत्र शेवटी मिळतं.

विद्वानांच्या सभेत कोणी कसं वागावं आणि तिथे आलेल्या माणसाची काळजी कोणी घ्यावी, यावर गेल्या काही वर्षांत जगभर बरंच लिहिलं गेलं आहे. मोठमोठ्या संस्थांनी आचारसंहिता केल्या, त्या नोंदणीच्या फॉर्मला जोडल्या, आणि खाली ‘वाचलं व मान्य आहे’ असा चौकोन ठेवला. तो चौकोन कोणीही न वाचता टिचकावतो. पण परिषदांचा इतिहास चाळला तर असं दिसतं, की सगळी शिस्त आणि सगळं सौजन्य अखेर एकाच माणसापाशी येऊन थांबतं. तो माणूस म्हणजे सत्राध्यक्ष. ‘सर, वेळ संपली’ हे तीन शब्द योग्य माणसाला योग्य वेळी म्हणण्याची त्याची हिंमत आहे की नाही, यावर उरलेलं सगळं ठरतं.

आपल्याकडे या सभा इतक्या का वाढल्या, याला एक सरकारी कारण आहे. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी ‘एपीआय’ नावाची गुणपद्धती आणली. आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला तर १० गुण, राष्ट्रीय असेल तर साडेसात, राज्यस्तरीय पाच, स्थानिक तीन. हे कोष्टक ज्यांनी केलं त्यांना तालुक्याच्या गावातला समन्वयक भेटलेला नसावा. साडेसात आणि दहा यांच्यामधलं अंतर पार करायला काठमांडूचा एक पाहुणा पुरतो, हे त्याला पहिल्याच वर्षी उमगलं. काठमांडू न जमल्यास संस्थेचा अमेरिकेतला माजी विद्यार्थी होता. तो स्काइपवर आला, ‘आवाज येतोय का?’ एवढं विचारता विचारता नेट गेलं, तरी परिषद आंतरराष्ट्रीय झाली ती झालीच. २०१८ च्या नियमांत हे भाव उतरले: परदेशातली परिषद सात, देशातली आंतरराष्ट्रीय पाच, राष्ट्रीय तीन, राज्य किंवा विद्यापीठ पातळीची दोन. भाव उतरला म्हणून बाजार काही उठला नाही. महाविद्यालयांचं मूल्यमापन करणाऱ्या ‘नॅक’च्या फायलीला चर्चासत्रं लागतातच.

गुण ऐकण्याला नसून वाचण्याला आहेत, त्यामुळे दुपारच्या समांतर सत्रांना एक वेगळंच गणित असतं. पाच वर्गखोल्या, प्रत्येकीत पंधरा निबंध. सुरुवातीला पंधरा वाचक हेच पंधरा श्रोते. पहिला वाचतो, ‘बस आहे’ म्हणून निघतो, उरले चौदा. असं करत करत शेवटचा वाचक उभा राहतो तेव्हा समोर सत्राध्यक्ष, एक स्वयंसेवक आणि खोलीला कुलूप लावायला आलेले शिपाईमामा असतात. ‘उपस्थित मान्यवर’ ही सुरुवात तो तरीही सोडत नाही. शिपाईमामा जरा सावरून उभे राहतात.

भारतीय विज्ञान परिषदेचं पहिलं अधिवेशन १९१४ च्या जानेवारीत कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीत भरलं तेव्हा आशुतोष मुखर्जी अध्यक्ष होते, १०५ लोक जमले होते आणि ३५ निबंध वाचले गेले. म्हणजे एका निबंधामागे तीन माणसं. शंभर वर्षांत आपण काय गमावलं असं कोणी विचारलं, तर पहिलं उत्तर हे गुणोत्तर.

श्रोत्याचे हाल हा विषय शास्त्राला अगदीच नवा नाही. फ्रान्सिस गाल्टन हा इंग्रज शास्त्रज्ञ दिसेल ते मोजायचा. एका कंटाळवाण्या सभेत बसलेला असताना त्याच्या लक्षात आलं की लोक चुळबुळ करताहेत, आणि चुळबुळ मोजता येते. घड्याळ काढलं तर शेजारच्यांना कळेल, म्हणून त्याने स्वतःचे श्वास मोजले; मिनिटाला पंधरा हा त्याचा हिशेब होता. दिसेल अशा एका टप्प्यातली पन्नासेक माणसं निवडली आणि मिनिटाला साधारण ४५ हालचाली भरल्या, म्हणजे माणशी जवळजवळ एक. वक्त्याने लोकांचं लक्ष वेधलं की आकडा निम्म्यावर येई. ही निरीक्षणं १८८५ साली ‘नेचर’मध्ये छापून आली. त्यात त्याने एक सावधगिरीची सूचनाही दिली: वयस्कर तत्त्वज्ञांना मोजणीत धरू नये, ते कधी कधी मिनिटंच्या मिनिटं जराही न हलता बसून राहतात. ते विचारात असतात की आणखी कशात, यात गाल्टन शिरला नाही.

ते काम ११९ वर्षांनी कॅनडात पुढे गेलं. तिथल्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात, वर्षअखेरच्या गमतीच्या अंकात, रॉकवूड, होगन आणि पॅटरसन या तीन डॉक्टरांनी २००४ मध्ये एक निबंध छापला: शास्त्रीय व्याख्यानांत डुलक्या लागण्याचं प्रमाण आणि कारणं. दोन दिवसांच्या व्याख्यानमालेत, सव्वाशेच्या आसपास श्रोत्यांमध्ये बसून त्यांनी कलणाऱ्या माना मोजल्या आणि नंतर डुलकी घेणाऱ्यांनाच गाठून कारणं विचारली. मंद उजेड, उबदार खोली, आरामशीर खुर्ची, वाईट स्लाइड, माइकपासून तोंड लांब ठेवणं, एकसुरी आवाज, जेवणानंतरची वेळ ही कारणं कोणीही सांगितली असती. यादीत वक्त्याचं ट्वीडचं जाकीटही होतं. आपल्याकडे जाकीट खादीचं असतं. त्यावरचा अभ्यास अजून व्हायचा आहे. मात्र मसालेभात, दोन जिलब्या आणि वर मठ्ठा झाल्यावर अडीच वाजता ‘सैद्धांतिक चौकट’ हा शब्द उच्चारणाऱ्या वक्त्यावर जाकीट असलं काय नि नसलं काय.

झोपलेल्या श्रोत्यापेक्षा खूश झालेला श्रोता जास्त धोकादायक, असं म्हणायला एक पुरावा आहे. अमेरिकेत तीन संशोधकांनी टीव्हीवर छोट्या भूमिका करणाऱ्या मायकेल फॉक्स नावाच्या नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ म्हणून उभं केलं. ‘खेळांचं गणित आणि वैद्यकीय शिक्षण’ अशा काहीशा विषयावर त्याला बोलायचं होतं, आणि विषयाची त्याला गंधवार्ता नव्हती. एका लोकप्रिय विज्ञान मासिकातला लेख त्याला दिला आणि तालमीत एवढंच शिकवलं, की बोलायचं छान, हसवायचं अधूनमधून, आणि अर्थ कशातूनही निघू द्यायचा नाही. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि शिक्षक अशा ५५ जाणत्या माणसांपुढे, तीन गटांत, हे व्याख्यान गेलं. बहुतेकांनी त्याला उत्तम शेरा दिला. एकाने तर डॉ. फॉक्स यांचं लेखन आपण आधी वाचलं असल्याचं नोंदवलं. १९७३ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. शिक्षणाच्या अभ्यासकांत त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण बीजभाषक ठरवणाऱ्या समित्यांवर त्याचा काही परिणाम झाल्याचं ऐकिवात नाही.

आता सत्राध्यक्षांकडे वळू.

३० जून १८६० रोजी ऑक्सफर्डच्या नव्या संग्रहालयात ब्रिटिश असोसिएशनची सभा होती. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक येऊन सात महिने झाले होते. गर्दी इतकी, की ठरलेली खोली सोडून सभा मोठ्या दालनात न्यावी लागली. सातशेच्या वर लोक. न्यूयॉर्कहून आलेल्या ड्रेपर नावाच्या प्राध्यापकाने आधी तासभर युरोपच्या बौद्धिक विकासावर निबंध वाचला. लोक विल्बरफोर्स या बिशपला ऐकायला आले होते आणि ड्रेपर संपत नव्हता. हा प्रसंग तालुक्याच्या कोणत्याही महाविद्यालयात जसाच्या तसा ओळखू येईल. पुढे एका गृहस्थांनी फळ्यावर बिंदू काढून ‘हा बिंदू माणूस मानू, तो बिंदू माकड’ असं सुरू केलं, तर विद्यार्थ्यांनी त्यांच्या उच्चाराची अशी टर उडवली की बिचारे बसले. बिशपने डार्विनच्या बाजूच्या हक्स्लेला माकडाशी असलेल्या नात्याबद्दल आजोबांकडून की आजीकडून असं काहीतरी विचारलं, हक्स्लेने टोला परतवला, एक बाई बेशुद्ध पडल्या, आणि ज्या जहाजातून डार्विनने जगप्रवास केला त्याचे कप्तान फिट्झरॉय बायबल उंचावून उभे राहिले. नेमके शब्द काय होते हे कोणी तिथल्या तिथे लिहून घेतलं नाही. ज्याच्या आठवणीत जसं राहिलं तसं सांगितलं गेलं. पण अध्यक्षस्थानी हेन्स्लो होते, डार्विनचे गुरू, आणि ज्याच्याकडे मुद्दा असेल त्यानेच बोलावं असा आग्रह त्यांनी धरला. स्वतःच्या शिष्याचा पक्ष पणाला लागलेला असूनही दोन्ही बाजूंना बोलू दिलं. स्वतः डार्विन तेव्हा पोटाच्या तक्रारींवर जलोपचार घेत लंडनजवळच्या एका आरोग्यधामात होता. परिषदेला न जाणं हा आरोग्य सांभाळण्याचा सर्वांत जुना उपाय असावा.

आता हेन्स्लोच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवायला हवं. ११ जानेवारी १९३५, लंडन, रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी. चोवीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना निबंध वाचायचा होता. श्वेत बटू ताऱ्यांच्या वजनाला एक मर्यादा असते, त्यापुढचा तारा शांतपणे विझू शकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. नेहमीपेक्षा जास्त, अर्धा तास वेळ त्यांना मिळाला होता आणि तो मिळवून दिला होता आर्थर एडिंग्टन यांनी. आदल्या संध्याकाळी कार्यक्रमपत्रिका हातात आली तेव्हा चंद्रशेखर यांना दिसलं, की आपल्या लगेच नंतर त्याच विषयावर स्वतः एडिंग्टन बोलणार आहेत. महिनोन्‌महिने ज्यांच्याशी या कामाबद्दल बोलणं चालू होतं, त्यांनी याचा एक शब्दही काढला नव्हता.

एडिंग्टन उभे राहिले आणि सभा हसत राहिली. निसर्ग ताऱ्याला असं विचित्र वागू देणार नाही, एवढाच त्यांच्या बोलण्याचा सारांश होता, पण ते तेव्हाचे जगातले सर्वांत नामवंत खगोलशास्त्रज्ञ होते आणि विनोद चांगला करत. चंद्रशेखर यांना उत्तर द्यायचं होतं. अध्यक्षांनी, या निबंधाचा नीट विचार केल्याखेरीज चर्चा करता येणार नाही असं सांगून पुढच्या वक्त्याला बोलावलं. त्याच वर्षी जुलैत पॅरिसला आंतरराष्ट्रीय खगोल परिषदेत एडिंग्टन पुन्हा त्याच सुरात बोलले. या वेळी चंद्रशेखर यांनी अध्यक्ष हेन्री नॉरिस रसेल यांना चिठ्ठी पाठवली, उत्तर देऊ द्यावं म्हणून. न बोललेलं बरं, असं रसेल यांनी कळवलं. गणित चंद्रशेखर यांचंच बरोबर होतं. १९८३ साली त्यांना नोबेल मिळालं ते ताऱ्यांच्या रचनेवरच्या कामाला. एडिंग्टनशी त्यांची मैत्री मात्र टिकली, हा त्यांचा मोठेपणा. यात दोन्ही अध्यक्षांचं काही श्रेय नाही.

कोणत्याही आचारसंहितेत ‘ज्येष्ठांनी कनिष्ठाची टिंगल केल्यास कनिष्ठाला दोन मिनिटं द्यावीत’ असं कलम तेव्हा नव्हतं. आजही बहुतेक ठिकाणी नाही. टिंगल हा गुन्हा ठरवणं अवघड. दोन मिनिटं देणं सोपं आहे.

आपल्याकडची चिठ्ठी उलट्या दिशेने जाते, अध्यक्षांकडून वक्त्याकडे. ‘दोन मिनिटं’ अशी पहिली चिठ्ठी गेली की वक्ता ती वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो आणि ‘अध्यक्षांनी सूचना केली आहे, तरी हा एक महत्त्वाचा मुद्दा’ म्हणून पुढे निघतो. दुसरी चिठ्ठी गेली की तो म्हणतो, ‘एवढंच सांगतो आणि थांबतो.’ अनुभवी श्रोते या वाक्याला पाय मोकळे करून घेतात, कारण खरं भाषण इथून सुरू होतं. घंटाही वाजवून पाहिलेली आहे. घंटा विद्यार्थ्यांच्या निबंधांना वाजते. संस्थेचे अध्यक्ष बोलत असताना घंटेवरचा स्वयंसेवक ती टेबलाखाली ठेवतो.

भाषणानंतर प्रश्न. ‘प्रश्न नाही, एक छोटंसं निरीक्षण आहे’ असं म्हणत तिसऱ्या रांगेतले निवृत्त सर उभे राहतात, आणि हॉलमधला प्रत्येक माणूस घड्याळाकडे पाहतो. त्या निरीक्षणात १९८२ सालची एक परिषद असते, सरांचा स्वतःचा एक अप्रकाशित प्रबंध असतो, आणि शेवटी ‘यावर आपलं मत काय’ असा प्रश्न असतो, ज्यातलं ‘यावर’ कशावर हे कोणालाच कळलेलं नसतं. हा प्राणी जगभर सापडतो. २०१८ मध्ये दहा देशांतल्या ३५ संस्थांमधल्या जवळजवळ अडीचशे व्याख्यानांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एखाद्या स्त्रीने प्रश्न विचारण्याची शक्यता पुरुषाच्या तुलनेत अडीच पट कमी दिसली. त्याहून कामाची गोष्ट पुढची: पहिला प्रश्न पुरुषाने विचारला, तर त्यानंतर बायकांचे प्रश्न आणखी कमी येतात. म्हणजे अध्यक्षांनी पहिला हात कोणाचा निवडला, यावर पुढची वीस मिनिटं ठरतात. उपाय फुकट आहे, त्याला अनुदान लागत नाही. बहुधा म्हणूनच कोणी करत नाही.

बायकांच्या वाट्याला आपल्या परिषदांत येतं ते सूत्रसंचालन, रांगोळी आणि भोजन समिती. नऊवारीतल्या, फेटे बांधलेल्या विद्यार्थिनी औक्षणाची ताटं घेऊन त्या टोलनाक्यावरच्या गाडीची दीड तास वाट पाहत उभ्या असतात. त्यांच्या पायांचं काय झालं हे अहवालात येत नाही. दुसऱ्या गावाहून आलेल्या तरुण प्राध्यापिकेला रात्री मुक्काम कुठे, तिथपर्यंत कोण सोडणार, तान्हं मूल बरोबर असेल तर काय, हे प्रश्न समन्वयकांपर्यंत पोचतात तेव्हा ते मंडपवाल्याशी बोलत असतात. आणि मुक्कामाच्या ठिकाणी नको तितकी आपुलकी दाखवणारे एखादे ज्येष्ठ सर असले, तर ‘त्यांचा स्वभावच तसा आहे’ असं सांगून विषय मिटवायची जुनी रीत आहे. कायदा ती रीत मान्य करत नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या निमित्ताने जिथे जावं लागतं ती प्रत्येक जागा कामाचं ठिकाण आहे, नेण्याआणण्याची सोय मालकाने केली असेल तर तो प्रवाससुद्धा. म्हणजे परिषदेचं सभागृह, पाहुण्यांचं विश्रामगृह आणि संस्थेची जीप, तिन्ही आत आली. अमेरिकन जिओफिजिकल युनियन या भूशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेने २०१७ मध्ये छळाला संशोधनातल्या लबाडीच्या बरोबरीने बसवलं. २०१९ मध्ये हैदराबाद विद्यापीठात भरलेल्या परिषदेतून भारतीय भौतिकीतल्या स्त्री-पुरुष समानतेसाठी एक सनद तयार झाली. आपल्या निमंत्रणपत्रिकेवर अठरा सल्लागारांची नावं मावतात. तक्रार कोणाकडे करायची त्या एका बाईंचं नाव आणि फोन नंबर मावायला हरकत नसावी.

काय बोललं जावं, याचीही आचारसंहिता असायला हवी का? २०१५ च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात विज्ञान परिषदेचं अधिवेशन भरलं, तेव्हा प्राचीन विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला आणि देशभर गाजला. त्याला आधार होता ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी तो ग्रंथ १९७४ मध्येच तपासून, तो विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडणं शक्य नाही, असं लिहून ठेवलं होतं. म्हणजे श्रोत्यांत एकाने जरी तो १९७४ चा अभ्यास वाचून प्रश्न विचारला असता तर चर्चा झाली असती. पुढच्या वर्षी नोबेलविजेते वेंकटरमण रामकृष्णन यांनी विज्ञान परिषदेला सर्कस म्हटलं आणि पुन्हा जाणार नसल्याचं सांगितलं. सर्कशीत निदान प्रत्येकाची पाळी ठरलेली असते.

काही परिषदांत तर बोलायला माणूसही लागत नाही. २०१६ मध्ये न्यूझीलंडमधले प्राध्यापक ख्रिस्तोफ बार्टनेक यांना अटलांटाच्या एका अणुभौतिकी परिषदेचं निमंत्रण आलं. त्यांचा त्या विषयाशी संबंध नव्हता. त्यांनी फोनवर ‘अणू’ असा शब्द टाइप केला आणि पुढचे शब्द फोन सुचवेल तसे निवडत अख्खा निबंध तयार केला. लेखिकेचं नावही सिरी आणि अ‍ॅपल यांना वाकवून ‘आयरिस पेअर’ असं ठेवलं. तीन तासांत स्वीकृती आली, सोबत हजार डॉलरांच्या वरच्या नोंदणी शुल्काची मागणी. ही परिषद भरवणाऱ्या गटाचं मूळ हैदराबादेत. ज्यांनी होकारच दिला नव्हता अशा शास्त्रज्ञांची नावं वक्ते म्हणून छापल्याचा आरोप त्याच्यावर अमेरिकेत सिद्ध झाला आणि २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने पाच कोटी डॉलरांहून जास्त रकमेचा निवाडा दिला. उलट जिथे खरंच जायचं, त्या न्यूरिप्स या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या परिषदेची २०१८ ची तिकिटं १२ मिनिटांच्या आत संपली. गणपतीच्या कोकण गाड्यांचं आरक्षण मिळवणाऱ्यालाच तिथे संधी होती. त्या वर्षी परिषद कॅनडात होती, आणि आफ्रिकेतल्या अनेक संशोधकांचे व्हिसा नाकारले गेले. तिकीट मिळालं तरी दाराशी अडवणारा दुसरा अध्यक्ष बसलेलाच असतो. आणि आत पोचून सर्वोच्च मान मिळाला तरी सामान सांभाळावं लागतं: त्याच वर्षी रिओ द जानेरोला गणितज्ञांच्या परिषदेत काउचर बिरकर यांना फील्ड्स पदक मिळालं आणि अर्ध्या तासाच्या आत ते बॅगेसकट चोरीला गेलं. संयोजकांनी तीन दिवसांत दुसरं दिलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

कमी बोलूनही परिषद गाजवता येते. ३१ ऑक्टोबर १९०३ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल उठले, फळ्यावर दोनाचा ६७ वा घात काढला, त्यातून एक वजा केला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन एका नऊ आकडी संख्येला एका बारा आकडी संख्येने हाताने गुणलं. दोन्हीकडे तीच २१ आकडी संख्या आली. कोल जागेवर जाऊन बसले. तोंडातून एक अक्षर काढलं नव्हतं. टाळ्या मात्र झाल्या, असं सांगतात. हे अवयव शोधायला तीन वर्षांचे रविवार लागल्याचं त्यांनी पुढे सांगितलं. आपल्याकडे हा निबंध नाकारला गेला असता, कारण त्यात ‘गृहीतके’, ‘उद्दिष्टे’ आणि ‘संशोधनाच्या मर्यादा’ या शीर्षकांखाली काहीच नव्हतं.

कोलची उंची सगळ्यांना झेपणार नाही, म्हणून क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ मध्ये सोपी वाट काढली. ऑस्ट्रेलियात दुष्काळ होता, पाणी वाचवायला लोकांनी न्हाणीघरात तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ लावलं होतं. ते पाहून तिथल्या एका अधिष्ठात्यांना सुचलं, की अंघोळ तीन मिनिटांत होते तर प्रबंध का सांगता येऊ नये? तीन मिनिटं, एक स्लाइड, पुढे एक सेकंद गेला तर बाद. ही स्पर्धा आता कितीतरी देशांत चालते. दुष्काळ मराठवाड्यालाही नवा नाही. घड्याळं तेवढी यायची राहिली आहेत.

समारोपाला पुन्हा सगळे व्यासपीठावर चढतात. आभारात मंडपवाले, वीज मंडळ आणि ‘ज्ञात-अज्ञात हात’ येतात, श्रोते येत नाहीत. प्रमाणपत्राच्या टेबलावर आधी अभिप्राय फॉर्म भरून द्यावा लागतो, म्हणून लोकांनी तो सकाळी पोह्यांच्या वेळीच भरून ठेवलेला असतो: बीजभाषण उत्कृष्ट, सत्रे उत्कृष्ट, वेळेचे नियोजन उत्कृष्ट. ‘आपल्या सूचना’ या कोऱ्या जागेत एखादा ‘जेवण छान होतं’ असं लिहितो, जेवण व्हायच्या तीन तास आधी. फॉर्म मोजून फायलीत जातात, आणि समन्वयक पुढच्या परिषदेच्या तारखेसाठी उद्घाटकांच्या सचिवाला फोन लावतात.